गाडीत मागे कोण बसतं?

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका उघड्या बॉनेटसमोर हात पाठीमागे बांधून उभे होते. गाडीचा मालक घाई करत होता, मेकॅनिक पाना घेऊन पुढे सरसावत होता, आणि ते त्या दोघांनाही एकच शब्द सांगत होते, "थांबा." गाड्यांचं वायरिंग दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांना सारी गल्ली थांबाकाका का म्हणते, ते मला तेव्हा कळलं.

माझी गाडी बावीस वर्षांची. ब्रेक दाबला की कधीकधी फ्यूज उडे आणि मागचे लाल दिवे, हॉर्न, सगळं गप्प. दोन गॅरेजांत ती दोन-दोन दिवस राहिली. तिथे फ्यूज एकदाही उडाला नाही. "सगळं वायरिंग बदला, नाहीतर विकून टाका," असा निकाल मिळाला. मुलगीही म्हणाली, "आई, मागून कुणी ठोकलं तर?" तिचं खरं होतं. पण अर्धांगवायूनंतर आमच्या यांचा उजवा पाय दुमडत नाही. या गाडीच्या रुंद मागच्या सीटवर तो लांब करून बसता येतं. ती गेली असती तर यांचं फिरणं खिडकीपुरतं उरलं असतं.

थांबाकाकांनी गाडीला हातच लावला नाही. स्टुलावर बसून विचारत राहिले. पाऊस असतो का? रस्ता खडबडीत? डिकीत सामान? धडा न वाचता आलेल्या मुलीसारखी मी "नाही, नाही" म्हणत होते.

"बरं बाई, गाडीत कोण असतं?"

"मी. आणि मागे हे."

"एकट्या असताना कधी उडालाय?"

मी आठवून पाहिलं. कधीच नाही.

"मग साहेबांना घेऊन या. पेशंट घरी ठेवून नाडी कशी बघू?"

दुसऱ्या दिवशी हे नेहमीच्या जागी बसले. मी ब्रेक दाबला. फ्यूज गेला.

"शाब्बास, साहेब!" काका खूश झाले.

"म्हणजे दोष माझ्या वजनाचा?" हे म्हणाले. "डॉक्टरांच्या कानावर घालू नका. ते आधीच माझ्या पोटावर टपलेत."

यांना उतरवून काकांनी सीट उचलली. ब्रेकच्या दिव्यांकडे जाणारी वायर कुणीतरी कधीतरी सीटच्या स्प्रिंगखालून नेली होती. घासून घासून तिचं तांबं उघडं पडलं होतं. माणूस बसला की स्प्रिंग दबून त्या उघड्या तांब्याला टेकायची, आणि ब्रेक दाबताच शॉर्ट होऊन फ्यूज उडायचा. गॅरेजात मागे कुणी बसलंच नव्हतं!

काकांनी तेवढा तुकडा बदलला, नळीत घालून बाजूने वळवला. मग यांना तिथेच बसवून मला वीस वेळा ब्रेक दाबायला लावला, आणि गाडीमागे उभं राहून प्रत्येक वेळी "लागला!" म्हणून ओरडले. शाळेत इतकी वर्षं शिकवलं, पण इतक्या चिकाटीने मी वर्गात एकही पाढा म्हणवून घेतला नसेल.

याला चार वर्षं झाली. हे अजून रोज संध्याकाळी मागच्या सीटवरून गाव बघतात. काका आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. डॅशबोर्डखाली शिरणं पाठीला झेपत नाही, ते काम त्यांची सून करते. काका स्टुलावर बसून प्रश्न विचारतात, आणि गाडीत नेहमी बसणाऱ्या प्रत्येकाला बरोबर आणायला सांगतात.