बिनचाकाची सायकल आणि पळसाची डहाळी

ती सायकल मला आजही आठवते. बाभळीला टेकवलेली, पुढचे चाक नसलेली, हँडलला रक्ताचे डाग पडलेला रुमाल बांधलेली. माझ्या नोकरीत याहून मोठी प्रकरणे पुष्कळ झाली. पण चूक माझी, आणि ती चारचौघांच्या देखत मलाच दुरुस्त करावी लागली, असे प्रकरण हे एकच.

निजामी अमलाची शेवटची काही वर्षे होती. हिंगोलीहून नरसीवरून सेनगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे लहानसे ठाणे होते. फौजदाराला तेव्हा अमीन म्हणत. मी अमीन, हाताखाली एक जमादार, पाच जवान आणि एक घोडी. रस्ता म्हणजे बैलगाड्यांच्या दोन चाकोऱ्या आणि मधे गवत. कोसन् कोस वस्ती नाही. लोक गाड्या जोडून, सोबत बघून निघत. एकटा प्रवासी दिसला तर त्याचे नाव रोजनामच्यात लिहायचे, असा नियम मी घातला होता. मला याद्यांची सवयच आहे. आजही आमच्या घरी चाव्यांची यादी दारामागे लावलेली असते आणि ती बरोबर असते.

पौषातल्या एका सकाळी पंचावन्न-छप्पन्नचे एक गृहस्थ सायकल ढकलत ठाण्यापुढे आले. कानाला मफलर, मागे वळकटी. मी तोंड उघडण्याआधी त्यांनीच विचारले, “कुठून आलात? कुठं जाणार?” आणि मग स्वतःच हसले. सरहद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर, म्हणजे जकात नाक्यावर, ते बावीस वर्षे मुन्शी होते.

“जन्म गेला हे इचारण्यात, साहेब. जो तो कुठंतरी जाऊन राहिला, अन् मी आपला खुर्चीवर. म्हणून वही केली.”

वही त्यांनी दाखवली. प्रत्येक वाटसरूला ते त्याच्या गावात बघण्यासारखे काय आहे ते विचारत आणि लिहून ठेवत. कुठल्या बारवेचे पाणी गोड, कुठली चिंच चार माणसांच्या कवेत मावत नाही, कुठे खडीच्या टेकडीवरून दोन नद्या दिसतात. आता निवृत्तीनंतर ते एकेक गाव बघून त्यापुढे खूण करीत निघाले होते. असा याद्या ठेवणारा माणूस भेटला की मला बरे वाटते.

“पण एकटेच?” मी विचारले.

“दोघं निघालो की घर संगं येतं, साहेब.”

मी नाव लिहून घेतले. ते डगमगत सेनगावकडे गेले.

पाचव्या दिवशी खबर आली. ठाण्यापासून तीन कोसांवर ओढ्याच्या अलीकडे सायकल सापडली आहे, माणूस नाही, रुमालाला रक्त आहे, आणि आमच्या ठाण्याजवळच्या बंजारा तांड्याचा नायक कुऱ्हाड घेऊन सायकलीपाशी उभा होता. खबर देणाऱ्याच्या सोबत्यांनी नायकाला तिथेच धरून ठेवले होते.

मी घटनास्थळी गेलो, पंचनामा केला, सायकल आणि सामान मुद्देमाल म्हणून गाडीत घातले, नायकाला ताब्यात घेतले. सगळे कायद्याप्रमाणे. त्या काळात तांड्यातल्या पुरुषांना ठाण्यात हजेरी द्यावी लागे, त्यामुळे परिसरात काही झाले की संशयितांची यादी तांड्यापासूनच सुरू होई. माझीही तिथूनच झाली.

नायक साठीचा, पांढऱ्या मिशांचा. ताठ उभा राहिला.

“कुऱ्हाड कशाला घेतली होती?”

“डहाळी तोडाया.”

“डहाळी कशाला?”

“पहिली वाळली व्हती.”

“मुन्शी कुठे आहेत?”

“मला काय ठावं? पर येतेल.”

“कशावरून?”

“माल ठेवून गेलेत की. सायेब, सायकल जाग्यावर नेऊन ठेवा. मालक येईल अन् परेशान व्हईल.”

जमादार म्हणाला, “सायकलीची लई फिकीर याला. माणसाची न्हाई.”

मला नायकाची उत्तरे टोलवाटोलवीची वाटली. आयुष्यभर ठाण्यात हजेरी दिलेला माणूस कमीत कमी बोलायला शिकतो, हे मला तेव्हा सुचले नाही. त्याला हवालातीत ठेवले. दोन दिवस आम्ही ओढा पालथा घातला, चार विहिरींत गळ टाकले. काही लागले नाही. पुढे पैनगंगेपलीकडे रिसोड, म्हणजे वऱ्हाड, इंग्रजी मुलूख. तिकडे चौकशी करायची तर कागद हिंगोलीवरून फिरून जायचा.

सातव्या दिवशी सकाळी मुन्शींच्या पत्नी कळमनुरीहून आल्या. धिप्पाड बाई, रडारड नाही. कमरेच्या पिशवीतून दोन कार्डे काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. एक हिंगोलीहून टाकलेले, एक नरसीहून.

“दर मुक्कामाला पत्र टाकतो म्हनले व्हते. तिसरं आलं न्हाई. म्हणून निघाले.” थोडे थांबून म्हणाल्या, “काय आसंल ते सांगा. आईकते मी.”

मी म्हणालो, आधी सामान ओळखा. पंचनामा उर्दूत होता. मी एकेक बाब मराठीत वाचू लागलो. पितळी तांब्या. “माज्या माहेरचा. खाली पोचा हाय बघा.” होता. घोंगडी. “उंदरानं खाल्लेली, एका कोपऱ्यात.” होती. रुमालाचे नाव काढले तेव्हा त्यांनी दोन्ही कार्डे उचलून पुन्हा पिशवीत घातली. मी भरभर पुढे गेलो.

“बाब नववी. मागच्या कॅरिअरवर पळसाची डहाळी, वर तीन दगड.”

“काय म्हनलं?”

मी पुन्हा वाचले.

“डहाळी हिरवी का वाळलेली?”

“हिरवी. आत डांबलेल्या तांड्याच्या नायकानं तोडली म्हनतो,” जमादार म्हणाला.

बाई उठल्या आणि सरळ हवालातीच्या गजांपाशी गेल्या. “नायकदादा, डहाळी तुमी बदलली?”

“व्हय, माय.”

“पहिली कोनाची?”

“मालकाचीच. शेंडा रिसोडच्या अंगाला व्हता. मी बी तसाच ठेवला.”

बाईंनी तोंडाला पदर लावला. मला वाटले आता फुटतील. त्या हसत होत्या.

“जित्ते हायत,” त्या म्हणाल्या. “चाक मोडलं आसंल. ते घेऊन रिसोडला गेले. रगत म्हंजे गुडघा. सायकल शिकून सहा महिने न्हाई झाले, लेकरावानी पडतात.”

मग त्यांनी मला समजावून सांगितले. तांड्यातल्या लोकांचे बापजादे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहत. वाटेत बैल लंगडला की गोण्या वाटेकडेला उतरवून वर पळसाची डहाळी ठेवायची, ती उडू नये म्हणून तीन दगड, आणि धनी ज्या दिशेला गेला तिकडे डहाळीचा शेंडा. अशा मालाला कोणी हात लावत नाही. उलट पुढून जाणारा तांडेवाला वाळलेली डहाळी काढून ताजी ठेवतो, म्हणजे धनी परत आला की मालावर कोणाची तरी नजर होती हे त्याला कळते. बाईंनी बावीस वर्षे नाक्यामागच्या खोलीत काढली होती. तिथे अशा गोण्या आठ-आठ दिवस पडून राहत.

“अन् तुमी ती डहाळी काय केली?”

जमादार स्वतःच्या बुटांकडे पाहू लागला. डहाळी आम्ही फेकून दिली होती.

“आज सातवा दिस,” बाई म्हणाल्या. हसू आता गेले होते. “त्यांनी येऊन रिकामं झाड पाहिलं तं? वही बी त्यातच हाय. वही गेली म्हनून ते घरी न्हाई यायचे, तिला हुडकत रानोरान फिरतेल.”

हवालातीचे कुलूप मी स्वतः काढले. “चुकले माझे,” असे म्हणालो. माणूस रागावला असता तर सोपे गेले असते.

नायक म्हणाला, “बैल तांड्यावरून माझे घेऊ. तुमचे लई सुस्त.”

दुपारपर्यंत आम्ही बाभळीपाशी पोचलो. कोणी नव्हते. नायकाने धुळीतल्या खुणा पाहिल्या आणि मान हलवली. अजून आले नव्हते. सायकल टेकवली, सामान लावले, पंचनाम्यावरून ताडून पाहिले. नायकाने डहाळी तोडून माझ्या हातात दिली. मी ती ठेवली, वर दगड ठेवले.

“मोठा मधी, सायेब,” तो म्हणाला. मी बदलले.

मग बसलो. बाई रस्त्याकडे बघत होत्या. जमादाराने भाकरी पुढे केली तर त्यांनी नुसती हातात धरून ठेवली. दोन गाड्या आल्या नि गेल्या. उन्हे कलली तेव्हा सेनगावकडून कापसाची एक रिकामी गाडी आली. मागे पाय सोडून, गुडघ्याला फडके बांधलेले मुन्शी बसले होते. मांडीवर चाक.

ते उतरले. आधी डहाळीकडे पाहिले, मग अमीन, जमादार, नायक आणि बायको, असे सगळ्यांकडे. काही सुचेना तेव्हा सवयीने तोंडातून निघाले, “कुठून आलात? कुठं जाणार?”

“कळमनुरीहून,” बाई म्हणाल्या. “हितपतोर.” आणि मग आवाज चढवून, “तिसरं पत्र कुठं हाय?”

मुन्शींनी खिशातून लिहिलेले कार्ड काढले. “लिहिलं व्हतं. रिसोडच्या टपालात घेईनात. म्हनले हे निजामाचं कार्ड, इथं चालत न्हाई. म्हनलं, चाक उद्या मिळंल, सेनगावात येऊन टाकू. त्या कारागिरानं सहा दिस लावले, अन् आज गाडीवाला सेनगावात थांबला न्हाई.”

“बावीस वर्षं सरहद्दीवर बसले!” बाई नायकाला म्हणाल्या. “पलीकडं दुसऱ्याचं राज्य हाय हे ह्यांनाच ठावं न्हाई!”

नायक तेव्हा पहिल्यांदा हसला. कार्ड बाईंनी तिथेच घेतले, जमादाराकडून वाचून घेतले आणि नीट, घडी न पाडता पिशवीत ठेवले. मग त्या भाकरी खाऊ लागल्या.

मला वाटले, त्या आता नवऱ्याला घेऊन परततील. त्यांनी वही मागितली आणि किती गावे राहिली ते विचारले. नऊ राहिली होती. “करून या,” त्या म्हणाल्या. “पर नदी वलांडायची न्हाई.” नायकाच्या गाडीत बसून त्या हिंगोलीच्या दिशेने गेल्या. मुन्शी चाक बसवून उलट दिशेने. पुढच्या महिन्यात ठाण्यात मलाही एक कार्ड आले. खडीच्या टेकडीवरून दोन नव्हे, एकच नदी दिसते, एवढाच मजकूर होता.

रोजनामच्यात मी लिहिले, की नायकास दोन रात्री विनाकारण अटकेत ठेवले, जबाबदारी माझी. वरून ताकीद आली, ती मला मिळायलाच हवी होती. बाब नववी माझ्याच अक्षरात होती. मी ती नोंदवली, पण ती कोणी आणि कशासाठी ठेवली हे विचारले नाही. यादी पुरी झाली म्हणजे काम पुरे झाले, असे मी समजत होतो. पुढच्या नोकरीत हाताखालच्या प्रत्येकाला एकच सांगत आलो: वस्तू हलवण्याआधी विचारा, आणि ज्याला विचाराल त्याला बोलायला वेळ द्या.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. ट्रंक आणि वळकटी ठाण्यापुढे रस्त्याकडेला काढून ठेवली आणि मी आत चार्ज द्यायला गेलो. दोन तासांनी बाहेर आलो. रस्त्यावर कोणी नव्हते. ट्रंकेवर पळसाची हिरवी डहाळी होती, तिच्यावर तीन दगड, मोठा मधे. शेंडा मात्र माझ्या नव्या ठाण्याकडे नव्हता. तो तांड्याच्या दिशेला होता. गाडीवाल्याला मी थोडे थांबायला सांगितले आणि आधी तिकडे जाऊन आलो.