गिटारची वाकलेली मान

रविवार, सकाळ. हजर: मी, माझी मुलगी मुक्ता आणि तिच्याबरोबर सासरहून परत आलेली इलेक्ट्रिक गिटार.

"आई, जपून! लोणच्याच्या बरणीचं झाकण नाहीये ते. मान सरळ करणारी आतली सळई तुटली तर संपलं."

"पाव फेराच देतेय गं."

सळईची किल्ली फिरली तसं मानेचं लाकूड आतून करकरलं. दोघी थबकलो.

लग्नानंतर गिटार कुणी वाजवली नाही, पण तारा ताणलेल्याच राहिल्या. ताण आवाज करत नाही. बंद पेटीत तो गुपचूप मान वाकवत राहतो, वरचं पॉलिश मात्र चकचकीतच दिसतं. मुक्ताही फोनवर "मजेत आहे" म्हणायची.

टेबलावर तिचा फोन पुन्हा थरथरला. तिने तो उपडा ठेवला.

लाकडाला सावरायला वेळ द्यावा लागतो; पुढचा पाव फेरा उद्या. ती परत का आली, हे विचारायचं अजून राहिलंय.