आई झोपलीय

हीटरकाका बर्फात ब्रेकला पाय लावत नसत. "ब्रेक मारला का गाडी आपली राहत नाही जी. पाय उचलायचा अन् तिला जाऊ द्यायचं," हे त्यांचं नागपुरी तत्त्वज्ञान. शिकागोजवळच्या आमच्या उपनगरात घरोघरचं हीटिंग दुरुस्त करत ते व्हॅनमधून हिंडायचे. हिवाळा लागला की व्हॅनच्या मागच्या भागात वाळूची पोती पडत. वजनानं चाकं रस्ता धरतात, आणि रुतलीच तर तीच वाळू चाकाखाली टाकता येते. शिवाय फावडं, घोंगडी आणि काकूंनी भरून दिलेला चहाचा थर्मास. "तुम्ही आयटीवाले बर्फाचे फोटो काढा. आमाले त्याच्यावरून जा लागते."

त्यांचा एक नियम सगळ्या मराठी मंडळाला ठाऊक होता. मोठा बर्फ पडत असला की ते तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस असलेल्या घरीच जात. बाकीच्यांना सरळ सांगत, "स्वेटर घाला, खिचडी खा, उद्या येतो."

त्या शनिवारी आमचं खालच्या मजल्यावरचं हीटिंग बंद पडलं. वर ऊब होती. पण दुसऱ्या दिवशी खाली बायकोचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, वाणाच्या वाट्या मांडून झाल्या होत्या. बाहेर रस्ता कुठे संपतो ते दिसत नव्हतं. मी फोन लावला आणि म्हणालो, "काका, आई आलीय पुण्याहून. गारठलीय."

आई दिवाळीनंतरच परत गेली होती.

"मंग आलोच," काका म्हणाले.

दारात बूट काढताना त्यांनी आधी विचारलं, "आई कुठं आहेत?"

"वर झोपलीय."

त्यानंतर सगळा वेळ काका कुजबुजत बोलले. पाना खाली ठेवायचा तर आधी फडकं अंथरत. चहाचं विचारलं तर ओठांवर बोट. गरम हवा सुरू झाल्यावर त्यांनी जाळीवर तळहात धरला, जिन्याकडे पाहून हसले आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.

परतताना पुलावर समोर एक ट्रक आडवा झाला. काकांनी ब्रेक मारला. दुसरं काय करणार होते? व्हॅन कठड्यावर आदळली, काकांचा खुबा मोडला. हळदीकुंकू बर्फामुळे कॅन्सल झालं.

हॉस्पिटलमध्ये काकू म्हणाल्या, "मी नको म्हणत होते हो. पण तुमच्या आईचं कळल्यावर हे थांबतात होय?" मी फळांची पिशवी ठेवली.

काका पुन्हा व्हॅन चालवू शकले नाहीत. दोघं मुलीकडे, बर्फ न पडणाऱ्या दक्षिणेतल्या शुगर लँडला गेले. तरी इकडे बर्फ पडल्याची बातमी दिसली की त्यांचा फोन येतो. स्वतःच्या पायाबद्दल चकार शब्द नाही. "आईले जपा बरं."

गेल्या हिवाळ्यात आई खरंच आली होती. माझ्यासमोर मटार सोलत बसली होती. काका म्हणाले, "द्या न फोन, दोन शब्द बोलतो." आई एका वाक्यात सगळं सांगून मोकळी झाली असती. मी म्हणालो, "झोपलीय."

पलीकडे काकांचा आवाज लगेच खाली आला. "राहू द्या, राहू द्या. उठवू नका," ते कुजबुजले.

मंडळाचा अंक काका अजून मागवून घेतात आणि पहिल्या पानापासून वाचतात, म्हणून हे इथे लिहितोय. काका, त्या दिवशी वर कोणीही झोपलं नव्हतं. मोठ्यानं बोला.