पुस्तक मिटणाऱ्या काकू

दुपार झाली की काकू यायच्या आणि आपण वाचत असलेल्या पानावर सरळ पंजा ठेवायच्या. मग पुस्तक हातातून काढून घेऊन मिटायच्या. "पुस्तक पळून नाय जात गो. ऊठ, जेवून घे." ग्रंथालयात असं वागणारं माणूस तुम्ही कधी पाहिलंय? मी तरी नाही. बी.लिब.ला वाचकांशी कसं वागावं हे आम्हाला शिकवलं होतं, त्यात हे कुठंच नव्हतं.

मी मूळची परभणीकडची. नवऱ्याला बोईसरच्या एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून इकडं आले. तो शिफ्टला गेला की खोलीत मी आणि पंखा. आजूबाजूला सगळे हिंदी बोलणारे, तेही आपापल्या शिफ्टला पळणारे. धडधाकट माणसानं दिवसभर लोळून तरी किती लोळावं? शेवटी पालघरला विद्यापीठाच्या उपकेंद्रातल्या ग्रंथालयात गेले आणि म्हटलं, पगार नको, काम द्या. घरमालकीण म्हणाली, "पगार नाय तर जातेस कशाला?" आता तिला काय सांगू? तिथं निदान कुणीतरी "मॅडम, हे पुस्तक कुठंय?" असं विचारतं, तेवढ्यासाठी जाते, असं सांगू?

काकूही बिनपगारीच. राहायला जवळच्याच माकुणसार गावात. नवरा वारलेला, मुलगा हैदराबादला, घरामागं नारळाची वाडी. भाचीच्या प्रवेशासाठी एकदा तिच्यासोबत आल्या, वाचनकक्षात टेकल्या आणि तिथल्याच झाल्या. भाची शिकून गेली, काकू राहिल्या. पुस्तकांना कव्हरं घालायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. जाडजूड ग्रंथ हातात आला की आधी तो उलटसुलट करून बघायच्या. "केवढं लिवलंय मेल्यानं! याला घरात कामं नव्हती काय?" असं म्हणायच्या आणि बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसं त्याला कव्हर घालायच्या.

एका पावसाळ्यानंतर वाणिज्य विभागाच्या पुस्तकांना बुरशी आली. ग्रंथपाल सर पत्र कुणाला लिहायचं याचा विचार करत बसले. काकू म्हणाल्या, "पत्र कशाला? ऊन दाखवा." दुसऱ्या दिवशी घरून मोठ्या चटया घेऊन आल्या, गच्चीवर अंथरल्या आणि पुस्तकं उघडून ओळीनं मांडली. संध्याकाळपर्यंत बुरशी गेली. कबूल. पण त्या चटयांवर काकू वर्षानुवर्षं सुकट आणि बोंबील वाळवत होत्या, हे आम्हाला कुठं माहीत?

दोन दिवस सर टेबलाखाली मेलेला उंदीर शोधत होते. एक पोरगी नाक दाबून म्हणाली, "मॅडम, कंपनी कायद्याला वास येतोय." मागच्या गल्लीतली मांजर येऊन करप्रणालीच्या कपाटावर ठाण मांडून बसली. सर तणतणत आले तेव्हा काकू शांतपणे म्हणाल्या, "बुरशी गेली ना? मग झालं. वास काय, आज हाय, उद्या नाय." मी रॅकमागं तोंडात पदर कोंबून हसत होते. बोईसरला आल्यापासून इतकी कधी हसलेच नव्हते.

आम्ही मागच्या पायऱ्यांवर जेवायचो. माझी ज्वारीची भाकरी बघून त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या, "ही भाकर हाय का पाट?" आणि अर्धी तोडून घेतली. त्यांच्या डब्यात तांदळाची भाकरी, थंडीत मडक्यात शिजवलेली कंदमुळांची उकडहंडी. खाताना वाडीत काय पिकलं, कोणाची सून रुसली, सगळं कळायचं. मी माकुणसारला गेलेही नव्हते, पण तिथल्या निम्म्या भांडणांत मी मनानं बाजू घेतलेली होती.

मग एकदा काकू दोन आठवडे आल्याच नाहीत. वाडीत पाय घसरून पडल्या होत्या. शेजारीण सकाळी झाडांना पाणी द्यायला येईपर्यंत रात्रभर तशाच पडून होत्या. मुलगा धावत आला आणि म्हणाला, आता घराला कुलूप, माझ्याकडं चल. काकूंनी त्याला होकारही दिला नाही, नकारही दिला नाही. लंगडत ग्रंथालयात आल्या, पायरीवर बसल्या आणि डबा न उघडताच मला म्हणाल्या, "खरं सांग गो. परक्या गावात माणूस राहतो कसा? पोरगा म्हणतो, सवय होईल. तुला झाली?"

मी घास हातात धरून बसले. नाही झाली, एवढंच म्हटलं असतं तर त्या गेल्या नसत्या, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि त्यांनी जाऊ नये असं माझ्याइतकं कुणाला वाटत होतं? इथं माझं दुसरं होतं तरी कोण! पण पुन्हा पडल्या असत्या तर?

"सवय नाही झाली काकू," मी म्हटलं, "पण तुम्ही भेटलात."

त्यांनी डबा पुढ्यात ओढला. "म्हंजे एक माणूस लागतो."

"एक पुरतो."

"मग जाते. बघते शोधून."

दिवाळीनंतर मुलगा येऊन घेऊन गेला. उरलेल्या पुस्तकांना कव्हरं घालूनच गेल्या. गंमत बघा, त्या हैदराबादला, माझ्या माहेराच्या बाजूला गेल्या आणि मी त्यांच्या गावाजवळ राहिले. दुपारी मला कुणी उठवेना, म्हणून मी पुस्तकासमोरच डबा खाऊ लागले. चव कशी ती लागायची नाही. फोन केला की त्या म्हणायच्या, "काय करणार? भिंती बघते. दारं सगळ्यांची बंद." मला रात्रभर चुटपुट लागायची की मी हे काय सांगून बसले.

परवा दुपारी पायऱ्यांवर बसून पुन्हा फोन लावला. काकूंचा आवाज घाईत होता. "बरी हाय गो, बरी हाय. मिळाली एक! समोरच्यांकडं सैपाकाला येते. परभणीकडचीच हाय, तुज्यासारखीच पाटाएवढी भाकर करते."

मी काही बोलणार, तोच मागून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "ओ काकू, या की बिगीबिगी! भाकर निवायली!"

"ठेवते हां. थांबलीय ती माज्यासाठी." आणि फोन बंद झाला.

मला आनंद झाला, देवाशपथ झाला. पण आईचं घर सोडल्यापासून त्या बोलीत मला कुणी जेवायला बोलावलं नव्हतं. बंद झालेला फोन मी तसाच कानाला धरून बसले.