पेंढ्यात ठेवलेला सॅक्सोफोन

"तुमचे मिस्टर फुंकायचं काही वाद्य वाजवतात का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि मी हो म्हणाले.

समोर यांच्या छातीचे फोटो लावले होते. एचआरसीटी म्हणतात त्याला. फुप्फुसाचे पातळ पातळ काप करून बघावेत तसे फोटो. काळं दिसायला हवं तिथं धुरकट पांढरं दिसत होतं.

"हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस वाटतोय," बाई म्हणाल्या. "बुरशीचे कण श्वासातून आत जातात. फुप्फुसांना ते सोसत नाहीत, ती सुजतात. वाद्य ठेवता कुठं?"

"पेटीत," मी म्हणाले. धडधडीत खोटं.

आमचे हे, दिनकर, सॅक्सोफोन वाजवतात. वरातीत वाजतो तोच, पण यांचा जीव जॅझवर. जॅझ म्हणजे मला एवढंच कळलंय की ओळखीची चाल मोडायची आणि वाजवता वाजवता नवी जुळवायची. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत वाजवायचे. दारूपायी ते काम गेलं. मग चौक या आमच्या गावी आले, बँडात लागले. तिथंही नवरदेव घोड्यावर आणि हे भलत्याच रानात शिरलेले! "अरे, गान्यावर ये!" लोक ओरडायचे. अपमान झाला की पुन्हा बाटली.

एकदा भर लग्नात पडले. माझं डोकंच फिरलं. सॅक्सोफोन उचलला आणि माळ्यावर भाताच्या पेंढ्यात खुपसला. पेटी मोठी, लपायची नाही, म्हणून ती खालीच राहिली, रिकामी. आमच्याकडं पेंढ्यात काय नाही ठेवत? आंबे पिकतात, अंडी राहतात, काचेची भांडी राहतात. कौलातून गळून पेंढा आतून कुबट झालाय, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

"दारू सोडाल तवा मिळंल," असं बजावलं होतं. माणसानं वर्षभर थेंब घेतला नाही. मग दिवाळीला मी तो काढला, वरवर पुसला आणि हातात दिला. ढसाढसा रडले हो! त्या दिवसापासून रोज तीन-तीन तास वाजवू लागले.

आणि खोकला लागला. कोरडा, थांबता थांबेना. संध्याकाळी अंगात ताप. अंगणातून ओटीवर चढतानाही धाप. मी काय केलं असेल? त्यांचं तोंड हुंगलं. "परत लागलात ना?" म्हणून भांडले. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

टीबी नाही निघाला. न्यूमोनिया म्हणून पाच दिवस सलाइन लावलं, बरं वाटलं. घरी आलो, आठवड्यात पुन्हा तेच. असं दोनदा झालं. इस्पितळात बरे, घरी आजारी. ही तिसरी खेप होती आणि या वेळी बोटाला लावलेलं मशीन शहाऐंशीच्या वर जाईना. हा रक्तातला ऑक्सिजन, तो निदान पंचाण्णव तरी हवा, असं नर्सताई म्हणाल्या.

"पेटी कोरडी असेल तर कारण दुसरं काहीतरी असेल," बाई म्हणाल्या. "उद्या बायोप्सी करू. म्हणजे दुर्बीण घालून फुप्फुसाचा बारीक तुकडा काढून तपासायचा. दम असा असताना थोडी जोखीम आहे."

सहीचा कागद घेऊन मी बाहेरच्या बाकावर बसले. खरं सांगावं तर मीच यांना आजारी पाडलं असं होणार. सासरचे काय म्हणतील? हे काय म्हणतील? आणि नाही सांगितलं, आणि उद्या काही बरंवाईट झालं तर?

उठले आणि आत गेले. "बाई, पेटीत नव्हता. वर्षभर पेंढ्यात होता. मीच ठेवला."

बाई रागावल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंत. बायोप्सी थांबवू. आधी स्टेरॉइड देऊन बघू, म्हणजे सूज उतरवायचं औषध. वाद्याला हात लावायचा नाही."

चौथ्या दिवशी मशीन ब्याण्णव दाखवू लागलं. तेव्हा मी यांना सगळं सांगितलं, मान खाली घालून.

यांनी मास्क बाजूला केला. "पेंढ्यात हाय, ते मला पयल्या दिवसापासून ठाऊक होतं गं."

"मंग काढला का नाय?"

"चोरून काढला असता, तर चोरून प्यायलोबी असतो. तू हातानं देशील म्हनून थांबलो."

मी तिथंच मोठ्यानं रडले. शेजारच्या पेशंटची बाई पाणी घेऊन आली.

बायांनो, तुमच्या घरी कुणी सनई, बासरी, पिपाणी वाजवत असेल आणि खोकला हटत नसेल, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा. आणि घरातलं भांडण लपवू नका. त्यांच्यापुढं कसली आलीय लाज? त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

सॅक्सोफोन पूर्ण उकलून धुतला, भोकं झाकणारे पॅड नवे घातले. तीन महिन्यांनी फुंकून श्वास मोजायची तपासणी झाली आणि बाईंनी रोज दहा मिनिटांची परवानगी दिली. हे वाजवतात तेव्हा मी अजून दाराशी बसते. मध्येच सूर तुटला की काळजात धस्स होतं. मग ते नवीनच कुठूनतरी चाल उचलतात आणि मी श्वास सोडते.

दहा मिनिटं झाली की ते आतून फडकं ओढून सॅक्सोफोन पुसतात आणि माझ्या हातात देतात. मी तो पेटीत ठेवते आणि पेटी ओटीवर उन्हात ठेवते, उघडी.