एक्केचाळीस दिवस ती कुठे होती

ते प्रकरण आजही माझ्या मनातून हललेलं नाही. त्यात खून नव्हता, चोरी नव्हती, गुन्हासुद्धा नोंदला गेला नाही. एका बाईच्या नागरिकत्वाच्या अर्जावर आमच्या पोलीस ठाण्याने अहवाल द्यायचा होता, एवढंच. आणि त्या अहवालात मी पूर्ण खात्रीने खोटं लिहून बसलो होतो.

बाई श्रीलंकेची. नवरा बारामतीजवळच्या जळोचीचा, लोणी देवकरच्या एका कारखान्यात फिटर. आखातात कामाला असताना दोघांची ओळख झाली. दोन्ही घरं बौद्ध. लग्न करून ती इथे आली. नवरा भारतीय, चार वर्षांची मुलगी भारतीय, घरात हीच एकटी व्हिसावर. मुदत संपत आली की कागदांची पिशवी घेऊन पुण्याला चकरा. अशा व्यक्तीला अर्जाआधी सात वर्षं भारतात वास्तव्य दाखवावं लागतं, आणि शेवटचे बारा महिने सलग. त्यात सूट फार तर तीस दिवसांची, तीही वरच्यांनी दिली तर.

अर्ज चौकशीला आला त्याच आठवड्यात टपालाने निनावी पत्र आलं. ‘आई मेली म्हणून सदर बाई शेवटच्या वर्षात देश सोडून गेली होती. घराला एक्केचाळीस दिवस कुलूप होतं. शेजाऱ्यांना विचारा.’

निनावी पत्राला सही नसते, म्हणून जबाबदारीही नसते. तरी चौकशी करावीच लागते. गोपनीय शाखेचा हवालदार जळोचीला जाऊन आला.

“साहेब, पत्रातलं खरं हाय. कुलूप व्हतं. चार घरी विचारलं, चारी घरी एकच उत्तर. माहेरी गेलती.”

पासपोर्ट पाहिला. तो त्या दिवसांनंतर नवा करून घेतलेला, कोरा. जुना जमा झालेला. विमानतळाच्या नोंदी मागवल्या तर उत्तराला महिने लागणार, आणि अहवालाची मुदत आठ दिवसांवर. हवालदाराने लिहिलं होतं, ‘माहेरी गेली होती.’ मी पुढे जोडलं, ‘म्हणजेच भारताबाहेर.’ टंकलेखनही झालं. सही तेवढी राहिली होती.

नियमाप्रमाणे तिचा जबाब घ्यायचा होता. दुपारी ती ठाण्यात आली. महिला शिपाई शेजारी बसली.

“ते एक्केचाळीस दिवस कुठे होतात?”

“माहेरी.”

“म्हणजे देश सोडलात.”

“न्हाय साहेब. मोरगावला व्हते.”

हवालदार खुदकन हसला. “बाई आपल्यापेक्षा गावरान बोलती, साहेब.”

मला हसू आलं नाही. हे कोणीतरी पढवलेलं उत्तर आहे, असं मला वाटलं. आवाज चढवला. “मोरगावला तुमचं माहेर कसं असेल? आई वारली आणि तुम्ही गेला नाहीत, यावर कोण विश्वास ठेवील?”

ती टेबलाकडे पाहत बोलू लागली.

“बारा महिन्यांतले आठ झाले व्हते. गेले असते तर पुन्हा पहिल्यापासनं. सूट मिळंल का, कुणी लिहून देईना. आईच फोनवर म्हणली, येऊ नको, पोरीजवळ ऱ्हा. मग ती गेली. भावानं फोनवर तोंड दावलं.”

हे सांगताना ती रडली नाही. पंचवीसेक वर्षं मी माणसांचे चेहरे वाचत आलो होतो, पण हा चेहरा मला वाचता येईना. मी तो अहवाल सहीविना फायलीत घालून बरोबर घेतला, तिला मोरगावचा पत्ता विचारला आणि जीप काढायला सांगितली.

मोरगावच्या शिवारात, बाजरीच्या रानाकडेला पत्र्याचं घर. दारात शेळ्या. एक म्हातारी त्यांना पाला टाकत होती. खाकी पाहून तिने पाठच फिरवली.

“आज्जी, जळोचीची ती श्रीलंकेची बाई तुमची कोण?”

“लेक.”

“तुम्हाला लेकी किती?”

“दोन. एक पोटची, एक ही. तुमाला काय आडचण हाय का?”

“कागदावर तसं नाही, आज्जी.”

“मग कागद नीट करा की. पगार कशाचा घेता?”

हवालदार शेळ्यांकडे बघू लागला.

मग तिने सांगितलं. बारामतीच्या दवाखान्यात ती आपल्या लेकीला तपासायला घेऊन गेली होती. शेजारी ही बसलेली, दिवस भरत आलेले. “म्हणलं, पयलं बाळंतपण माहेरी आसतं बाई, तुझं माहेर कुठं? म्हणली, समुद्रापल्याड. म्हणलं, चल मग माझ्याकडं.” एका घरात दोन बाळंतपणं झाली. दर सणाला ही तिथे येत राहिली.

“आणि आई गेली तेव्हा?”

“नवऱ्यानंच आणून सोडली, आन त्यो कारखान्याजवळ दोस्ताकडं ऱ्हायला. आई गेलेल्या लेकीनं माहेरीच रडायचं आसतं, साहेब. सासरी रडायला सवड कुठं आसती? दुखवट्याचं लुगडं मी नेसवलं. मगच धाडली.”

अंगणवाडी पाहिली. वजनाच्या वहीत त्याच दिवसांत मुलीची दोनदा नोंद होती, पाहुणी म्हणून. शेजाऱ्यांचे जबाब घेतले. म्हातारीने जबाबावर अंगठा उठवला आणि विचारलं, “आता तिला कुणी घालवणार न्हाय ना?”

टाइप झालेला अहवाल मी तिच्या अंगणातच फाडला. नवा माझ्या हाताने लिहिला. शेजारी खरं बोलले होते, हवालदारानेही खरंच लिहिलं होतं. खोटं माझ्या एका ओळीत होतं, आणि त्या ओळीने एका आईला पुन्हा व्हिसाच्या रांगेत उभं केलं असतं.

पुढे अर्ज मंजूर झाला. प्रमाणपत्र दाखवायला ती ठाण्यात आली, मुलीला घेऊन. मी म्हणालो, “आता आईच्या गावी जाऊन या.”

ती हसली. “जायचंय साहेब. पन आता तितं मला व्हिसा लागतो.”

मी उभं राहून तिला सॅल्यूट केला.

मी इथे जन्मलो आणि नागरिक झालो. त्यासाठी मला काही सोडावं लागलं नाही, काही सिद्ध करावं लागलं नाही. ज्याला हे फुकट मिळालं, त्यानेच खुर्चीत बसून तिच्या दिवसांचा हिशेब तपासायचा, ही व्यवस्था आहे. कायदा आहे, तो पाळलाच पाहिजे. पण खुर्चीवरच्या माणसाने निदान ती बाई जिथे रडली त्या अंगणापर्यंत चालत जावं. मी गेलो, हे खरं. सही करायच्या फक्त एक दिवस आधी गेलो, हेही तितकंच खरं.