पडद्याच्या मागल्या बाजूची अनसा

अनसा आज पहाटे गेली.

सकाळपासून सगळे तिचे फोटो टाकताहेत. खाली लिहिताहेत, प्रेमळ माऊली होती.
प्रेमळ कसली. माझी थोरली जाऊ होती ती, मला माहीत. जिभेवर कायम विस्तव.

म्हणून नातीला म्हटलं, मी सांगते तसं टाइप कर. मधे तुझं घालू नकोस.

कर्जतच्या बाजारात आमच्या मामंजींचं भाताचं गोदाम होतं. इंग्रज अजून जायचे होते. रेशनचे दिवस. भात सरकार उचलून न्यायचं, गोदाम रिकामं. मग एक थेटरवाला आला आणि त्यात पिक्चर दाखवायला लागला.

थेटर म्हणजे काय? वर पत्रा, खाली गोणपाटं, मधोमध टांगलेला पांढरा पडदा.

पडद्याच्या पुढं पुरुष. मागं बायका.
बायकांना मागच्या बोळातून वेगळं दार. कोणाची नजर नको म्हणून.

मागून सगळं उलटं दिसायचं. अक्षरं उलटी, पण वाचायला येत होतं कोणाला? उजवा हात डावा दिसायचा. आमच्याकडच्या बायकांना वाटायचं, पिक्चरमधले राजे डावखुरेच असतात.

बाजाराच्या दिवशी दुपारी खेळ असायचा. कडावच्या, पोशीरच्या बायका डोक्यावरची टोपली उतरवून आत शिरायच्या. वकिलाची बायको आणि भाजीवाली एकाच गोणपाटावर.
दुसरीकडं कुठं बसल्या असत्या? एक जागा सांगा.

पिक्चर कमी, बोलणं जास्त. रॉकेल कुठल्या दुकानात आलंय. पोराच्या तापाला काय द्यायचं. कोणाचा नवरा मारतो. पोशीरच्या एका पोरीला म्हाताऱ्या बिजवराला द्यायचं चाललं होतं. बायकांनी तिथंच तिच्या आईला धारेवर धरलं. लग्न थांबलं.

आमच्या घरच्या सुनांना मात्र बंदी. गोदाम आमचं आणि बंदी पण आम्हालाच. मामंजी स्वतः पुढं खुर्ची टाकून बसायचे.

अनसा जायची. भाजी आणते म्हणून निघायची आणि बोळात वळायची. आतलं हे सगळं मला तिनंच सांगितलेलं.
मला म्हणाली होती, "पुढल्या बाजाराला तुला पण नेते गं. तोंड तेवढं बंद ठेव."

तोंड तिनंच उघडलं.

मामंजी जेवताना आपल्या दोघा मुलांना, म्हणजे आमच्या नवऱ्यांना, पिक्चर सांगत होते. "मग राजानं उजव्या हातानं तलवार उपसली…"

अनसा आमटी वाढत होती. "डाव्या हातानं, मामंजी."

सासऱ्यासमोर आम्ही मान वर करत नव्हतो. ही चूक काढत होती.

मामंजींचा घास हातातच राहिला. डावा हात म्हणजे कुठून बघितलं, हे कर्जतमध्ये शेंबड्या पोराला पण कळलं असतं.

"अनसे, तू गेलतीस?"

सासूबाई चुलीपाशी होत्या. घाईनं म्हणाल्या, "बाजारात बायका बोलतात, ते ऐकलं असंल. व्हय ना गं?"

वाट करून दिली होती. नुसतं हो म्हणायचं होतं.

"ऐकलं नाय, आत्याबाई. बघितलं. त्यात वाईट काय हाय?"

दुसऱ्या दिवशी मामंजींनी सुतार बोलावला आणि बायकांच्या दारावर फळ्या ठोकल्या. थेटरवाला काय बोलणार? गोदाम त्यांचं.

नुसती अनसा नाही, अख्ख्या बाजारच्या बायका बाहेर.

आणि दोष कोणाला दिला? मामंजींना नाही. त्यांना पाहिलं की पदर सावरून बाजूला व्हायच्या.
अनसाला भाजीवाली म्हणाली, "तुमच्या जिभेनं आमची जागा घालवली."

"फळ्या मी नाय ठोकल्या," अनसा म्हणाली. "ठोकल्या त्यांना इचारा की. तुमची पण जीभ बघू दे."

कोणी विचारलं नाही.
राग मला पण होता. माझी पाळी यायच्या आधीच दार गेलं. थोडा अजून आहे.

पुढं बाजारात बायका एकमेकींना नुसती मान हलवून सरळ चालू लागल्या. कोणाच्या घरात काय जळतंय, कळेनासं झालं.
पोशीरच्या त्या पोरीचं लग्न उन्हाळ्यात त्याच बिजवराशी लागलं. आम्हाला अक्षता पडल्यावर कळलं.

अनसा काय करायची? बाजाराच्या दुपारी सुपात तांदूळ घेऊन बोळात जायची. ठोकलेल्या दाराच्या पायरीवर निवडत बसायची. फळ्यांतून आतला आवाज यायचा. बोळ काही मामंजींचा नव्हता.

येणाऱ्या-जाणाऱ्या बायका हसायच्या. थांबली कोणी नाही.

एकदा तिला हाक मारायला गेले, तर शेजारी सासूबाई. उभ्या जन्मात पिक्चर न बघितलेली बाई. सुपातला खडा टाकत विचारत होत्या, "आता कोण रडतंय गं?"

"राणी."

"का?"

"ते दिसत नाय, आत्याबाई. दार उघडाया सांगा मामंजींना, मग सांगते."

सासूबाईंनी बोळाच्या तोंडाकडं बघितलं. पण उठल्या नाहीत.

दार शेवटपर्यंत उघडलं नाही. मामंजी गेले, थेटर गेलं. आता तिथं मोबाइलचं दुकान आहे.

आज तिला नेताना पुरुष म्हणाले, बायकांनी उंबऱ्याशीच थांबायचं. बायका थांबल्या.
मी रिक्षा केली आणि नदीपर्यंत गेले. तिथं बाई मी एकटीच. चिता पेटेपर्यंत पुढं उभी राहिले. पुतण्या म्हणाला, "काकू, मागं व्हा."

झाले नाही.

अनसा, माझा शेवटचा नमस्कार. जा आता.